ड्रायव्हर बदलू का?

प्रश्न: मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. ७ नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो, पण ९ अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) दर वेळी उजवीकडे वळतो. नवा घेऊ का?

उत्तर: इतक्यात नको. स्विंगच्या मार्गाच्या मानाने क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, उघडा (उजवीकडे वळलेला) राहतोय. लॉफ्ट (चेहऱ्याचा मागे कललेला कोन) कमी असला की हीच चूक जास्त वळण देते. आयर्नचा लॉफ्ट जास्त, म्हणून त्यात ती लपते. चेहऱ्यावर फूट पावडरचा स्प्रे मारून दहा चेंडू मारा. चेंडूचे डाग टाचेकडे (चेहऱ्याच्या दांड्याकडच्या टोकाला) पडत असतील तर वळण त्यानेही वाढतंय. मग हात ग्रिपवर (दांड्याच्या मुठीवर) एक इंच खाली धरा. अंतर थोडं घटेल, घटू द्या! लॉफ्ट बदलण्याची सोय असल्यास एक अंश वाढवा. बहुतेक ड्रायव्हरमध्ये त्याने चेहराही किंचित बंद होतो (डावीकडे वळतो). ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर मात्र ती लगेच बदला.