बेळगावजवळच्या जांबोटीच्या रानात फिल्म कॅमेऱ्यावर झाडं काळीच का येतात?

फिल्म बिघडलेली नाही, कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतोय. फांद्यांमधून दिसणारं पांढरं आभाळ त्याला खूप उजेड वाटतं, म्हणून फिल्मवर उजेड कमी पडतो आणि खोड काळं येतं. झाडाजवळ जा, आभाळ फ्रेमबाहेर ठेवून खोडावर रीडिंग घ्या, तेच ठेवून मागे येऊन फोटो काढा. निगेटिव्ह फिल्मला एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड सहज चालतो, स्लाइड फिल्मला मात्र नाही.

तिथून पुढे कणकुंबीकडे पावसाळ्यात उजेड कमी, म्हणून ४०० आयएसओची (कमी उजेडात चालणारी) फिल्म आणि ट्रायपॉड हवाच. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हिरवा फिल्टर लावला की पानं उजळतात. आणि ऐनाच्या झाडाचं मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं खोड सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा तरी टिपाच, फार देखणं येतं!