गोल्फ : हातातला आणि डोळ्यांतला

या महिन्यात आलेल्या पत्रांत चार पत्रे गोल्फची निघाली आणि चारही पत्रांचा रोख जवळपास एकच आहे : हा खेळ खेळणाऱ्याला जसा लागतो तसा पाहणाऱ्याला का लागत नाही, किंवा नेमके याच्या उलट. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या चौघांना दिली आहे.

प्रश्न : माझे यजमान बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस पहाटे गोल्फ खेळायला जातात आणि दुपारी जेवताना एकेका फटक्याची कथा ऐकवतात. टीव्हीवर मोठी स्पर्धा लागली, की मात्र दहा मिनिटांत त्यांची मान खाली जाते. माझे उलट आहे. मी काठी कधी हातातसुद्धा धरलेली नाही, पण ते झोपल्यावर मी रात्री एक-एक वाजेपर्यंत सामना पाहत बसते. आम्हा दोघांपैकी गोल्फ नक्की कोणाला आवडतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांनाही आवडतो, फक्त एकाच नावाच्या दोन गोष्टी तुम्ही आपसांत वाटून घेतल्या आहेत. आधी थोडा हिशेब मांडू. हौशी खेळाडूला १८ होल, म्हणजे चेंडू भोकात घालायचे १८ टप्पे, पुरे करायला चार-साडेचार तास लागतात आणि तेवढ्या वेळात तो सात-आठ किलोमीटर सहज चालतो. त्याचे ९० फटके झाले असे धरले आणि काठी मागे जाऊन पुढे येण्यास दर वेळी दीड सेकंद लागतो असे मानले, तर प्रत्यक्ष मारण्याचा वेळ भरतो सव्वादोन मिनिटे. काठीचा आणि चेंडूचा स्पर्श तर सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरताच असतो. उरलेला सगळा वेळ चालण्यात, अंतराचा अंदाज घेण्यात, वारा बघण्यात, मागच्या फटक्याबद्दल हळहळण्यात आणि पुढच्या फटक्याचे बेत करण्यात जातो. खेळणाऱ्याला हा वेळ रिकामा वाटत नाही, कारण पुढचा चेंडू त्याचा स्वतःचा असतो. बघ्याला त्यात एक माणूस पिशवीपाशी उभा राहून विचार करतो आहे, एवढेच दिसते.

शिवाय खेळणाऱ्याला मिळणारे सुख मुळात डोळ्यांचे नाहीच. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर हा खेळ शिकलो आणि आजही शंभर फटक्यांच्या आत आलो तर घरी पेढे न्यावेत अशी माझी लायकी आहे. तरीही पुण्यात येरवड्याच्या मैदानावरची डिसेंबरातली एक सकाळ मी विसरलेलो नाही. गवत दवाने ओले होते, हातात सात नंबरचे आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याची काठी, होते, आणि त्या दिवशी कशी कोण जाणे, काठी चेंडूच्या अगदी मधोमध बसली. फटका वेडावाकडा लागला तर थंडीत बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. तो नीट लागला तर हाताला काहीच जाणवत नाही, जणू मधे चेंडू नव्हताच. चेंडू कोठे गेला हे पाहायला मान वर होण्याआधीच तो चांगला गेला आहे हे मनगटांना कळलेले असते. त्याच्या आधी आणि नंतर मी काय दिवे लावले ते सांगण्यासारखे नाही, पण त्या एका फटक्यावर माझा पुढचा आठवडा निघाला.

कॅमेऱ्याला टिपता येत नाही ते नेमके हेच. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीवरून, चेंडू ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो आणि पडद्यावर त्याचा आभाळात हरवलेला एक पांढरा ठिपका होतो. अलीकडे चेंडूच्या मार्गाची रंगीत रेघ काढून दाखवतात. त्या रेघेशिवाय तेथे पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही, याचीच ती कबुली आहे. तुमच्या यजमानांचा डोळा लागतो तो बहुधा येथे.

तुम्हाला जाग राहते ती ग्रीनवरच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी आखूड गवतावरच्या, खेळामुळे. तेथील भोकाचा व्यास १०.८ सेंटिमीटर असतो आणि चेंडूचा ४.२७ सेंटिमीटर. दोन मीटरवरून तो चेंडू त्या भोकात घालायचा, एवढे समजायला गोल्फ यावा लागत नाही. राणी घेतल्यावर कव्हरची सोंगटी खिशाच्या तोंडाशी येऊन थबकावी आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखावा, तोच हा प्रकार. २००५ च्या मास्टर्स स्पर्धेत सोळाव्या होलवर टायगर वूड्सचा चेंडू ग्रीनच्या उतारावरून वळून हळूहळू खाली आला, भोकाच्या काठावर क्षणभर थांबला आणि मग आत पडला. तो क्षण लोक अजून पुन्हा पुन्हा पाहतात. खेळणाऱ्याला मात्र पटिंगचे, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलण्याचे, कौतुक कमी आणि धास्ती जास्त असते. मुठीएवढ्या अंतरावरून चुकणे काय असते, हे त्याला स्वानुभवाने ठाऊक असते.

आणखी एक भेद आहे. पाहणाऱ्याला पडझडीची गोष्ट लागते. १९९९ साली स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टी येथे झालेल्या ओपन स्पर्धेत फ्रान्सचा ज्याँ व्हान द व्हेल्द शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. चार फटक्यांत संपावा असा तो होल त्याने सहात संपवला असता तरी विजेतेपद त्याचेच होते. सावधपणे छोटा फटका मारायचा सोडून त्याने ड्रायव्हर उचलला आणि चेंडू पार उजवीकडे गेला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटून उंच गवतात मागे आला, तिसरा ओढ्यात पडला. मग या गृहस्थांनी बूट-मोजे काढले, विजार दुमडली आणि पाण्यातूनच मारता येईल का हे बघायला ते ओढ्यात उतरले. शेवटी त्यांनी दंडाचा फटका पत्करला, पुढचा चेंडू वाळूत घातला, आणि सातव्या फटक्याला तो होल संपला. बरोबरी झाल्यामुळे तिघांत प्ले-ऑफ झाला आणि त्या दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे असलेला पॉल लॉरी जिंकला. गुडघाभर पाण्यात अनवाणी उभा असलेला तो माणूस तुमच्यासारख्या प्रेक्षकाला जन्मभर पुरतो. यजमानांना ते पाहवणार नाही, कारण मागच्याच रविवारी त्यांनी तसेच काहीतरी केलेले असेल, आणि तेही विजेतेपद वगैरे काही हाताशी नसताना.

माझी सूचना एवढीच, की त्यांना रात्री जागवण्यापेक्षा एखाद्या सकाळी तुम्हीच त्यांच्याबरोबर नऊ होल चाला. काठी धरू नका आणि सल्ला तर मुळीच देऊ नका. दुपारच्या जेवणातल्या कथा त्यानंतर वेगळ्या ऐकू येतील.

प्रश्न : ऑगस्ट २०२१ मध्ये एका शनिवारी अदिती अशोकसाठी मी पहाटे उठून टोकियो ऑलिम्पिक लावले. बर्डी म्हणजे काय हेही मला माहीत नव्हते, तरी छाती धडधडत होती. नंतर मी दोन-तीन स्पर्धा लावून पाहिल्या, पण काही केल्या मन रमले नाही. तेव्हा मला जे आवडले तो गोल्फ होता की निव्वळ देशप्रेम? आणि आता क्लास लावावा का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, डोंबिवली)

उत्तर : देशप्रेम होतेच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण नुसते तेवढेच असते तर तुम्ही त्याच ऑलिम्पिकमध्ये पुण्याच्या उदयन मानेचाही प्रत्येक फटका पाहिला असता, आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. त्या शनिवारी तुम्हाला मिळाली ती एक चिमुकली आणि सोपी मोजणी. मैदानात ६० खेळाडू होत्या, पण तुम्हाला चारच नावे धरून बसायचे होते. जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानावर असलेली अदिती तीन फेऱ्यांनंतर एकटी दुसरी होती आणि तिच्या पुढे फक्त नेली कोर्डा होती. शेवटच्या टप्प्यात वादळी पावसाने खेळ थांबला, म्हणजे ताण आणखी लांबला. अखेर कोर्डा पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या बेरजेपेक्षा, १७ फटके खाली, मोने इनामी आणि लिडिया को १६ खाली, आणि अदिती १५ खाली राहिली. चार दिवसांच्या ७२ होलनंतर पदक हुकले ते एका फटक्याने.

शिवाय अदितीचा खेळ बघ्यांच्या सोयीचा होता. ड्रायव्हरने ती कोर्डाच्या बरीच मागे पडत असे आणि ते अंतर ग्रीनवर भरून काढत असे. म्हणजे पडद्यावर जे चांगले दिसते तेच तिचे बळ होते. पिशवी सांभाळायला तिची आई होती, हे दृश्यही आपल्याला लगेच भिडणारे. नेहमीच्या स्पर्धेत गुरुवारी सकाळी कित्येक अनोळखी माणसे एकाच वेळी मैदानभर पसरलेली असतात आणि कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो. क्रिकेटमध्ये सगळे मैदान एका चेंडूकडे बघत असते; येथे तसा एक चेंडूच नसतो. त्यामुळे तुमचे मन रमले नाही यात दोष तुमचा नाही. पुढच्या वेळी फक्त रविवारचा शेवटचा दीड तास पाहा, आणि त्यातही एकच खेळाडू आधी ठरवून घ्या.

क्लासचे म्हणाल तर जरूर लावा, पण टोकियोची धडधड तेथे मिळेल या आशेने लावू नका. पहिला महिनाभर ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, बादलीभर चेंडू घेऊन उभे राहाल, निम्मे चेंडू जमिनीवरून सरपटत जातील आणि काही वेळा काठी हवाच कापून परत येईल. एखादा मात्र उठेल. तो उठल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले तर खेळ तुमचा. नाही वाटले तर बिनदिक्कत प्रेक्षक राहा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करतो. ऑफिसातल्या मित्रांनी या उन्हाळ्यात एका व्यावसायिक स्पर्धेचे तिकीट काढून दिले आहे. मी खेळत नाही. दिवसभर उन्हात उभे राहून काय पाहायचे असते?

उत्तर : निकाल पाहायचा असेल तर घरीच थांबा, मैदानावर असलेल्याला पुढे कोण आहे हे घरी बसलेल्यापेक्षा उशिरा कळते. तेथे जायचे ते टीव्हीवर न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. पहिली म्हणजे चढउतार. पडदा जमीन सपाट करून दाखवतो. मास्टर्स स्पर्धा होते त्या ऑगस्टाला पहिल्यांदा गेलेले जवळपास सगळे तेथील चढ बघून चकित होतात. दुसरी म्हणजे आवाज. टीच्या, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे, खेळाडूच्या पाठीशी उभे राहा : काठी हवा कापते तो आवाज, मग फटक्याचा कोरडा टणत्कार, आणि चेंडू आधी खाली जाऊन मग वर चढतो आहे असे वाटणारी त्याची झेप. सकाळी रेंजवर अर्धा तास काढा, तेथे नामवंत खेळाडू दहा-पंधरा पावलांवर दिसतात. मग एका जोडीमागे नऊ होल चाला आणि पाय दुखू लागले की तीन फटक्यांच्या एखाद्या होलच्या ग्रीनपाशी बैठक मारा. एकाच जागी बसून टीपासून भोकापर्यंतचा पूर्ण खेळ दिसतो असे ठिकाण तेच. फोन बंद ठेवा. खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की हजारो माणसे जेव्हा एकदम गप्प होतात, तेव्हा आपल्या खिशातून गणपतीची आरती वाजू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांनी मुंबईच्या एका क्लबात तीस वर्षे कॅडीचे, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहण्याचे, काम केले. त्यांनी खेळला फार थोडा, पण टीव्हीवर सामना लागला की ते पुटपुटत राहतात आणि बहुतेक वेळा त्यांचेच खरे होते. त्यांना खेळणारे म्हणायचे की पाहणारे?

उत्तर : तुमच्या पत्राने वरची माझी दोन कप्प्यांची मांडणी मोडली, याबद्दल आभार. कॅडी पाहतो, पण त्याचे पाहणे पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाचे नसते. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. त्यांतली कोणती आता मागितली जाईल हे त्याला मालकाच्या आधी सुचावे लागते. कोणत्या ग्रीनवर गवत कोणत्या दिशेला झुकले आहे, सकाळी चेंडू किती सरकतो आणि दुपारी किती, हे तो रोज चालून शिकतो. बघ्याला निकालाची उत्सुकता असते, खेळाडूला फटक्याची. कॅडी मात्र जमीन वाचत असतो. आपल्याकडे क्लबच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि भारतातले कित्येक व्यावसायिक खेळाडू त्याच वाटेने आले. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकले. सगळ्यांना ती वाट सापडली नाही. ज्या पटची, म्हणजे ग्रीनवरच्या फटक्याची, रेषा त्यांना स्वच्छ दिसत होती, तो पट बहुतेकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून चुकताना पाहिला.

पुढच्या वेळी सामना लागला की टीव्हीचा आवाज बंद करा आणि खेळाडू पटर, म्हणजे पटिंगची काठी, घेऊन चेंडूमागे उकिडवा बसला की वडिलांना मोठ्याने सांगायला लावा : चेंडू डावीकडे किती वळणार, एका कपाएवढा, म्हणजे भोकाएवढा, की दोन?