मतं तेवढीच, जागा वेगळ्या

निवडणूक पद्धतींबद्दल आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरणारे होते: पडलेल्या मतांच्या जागा कशा होतात? ते इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: निम्म्याहून कमी मतं मिळूनही एखाद्या पक्षाला घसघशीत बहुमत कसं मिळतं? यात काही गडबड असते का?

गडबड नसते, पद्धतच तशी आहे. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायचा आणि सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी, असा नियम असेल तर पन्नास टक्क्यांची अट कुठेच येत नाही. दुसऱ्या क्रमांकापेक्षा एक मत जास्त पुरतं. पाच तगडे उमेदवार असले की २८ टक्क्यांवरही जागा निघते.

ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये लेबर पक्षाला ३३.७ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. पण त्याहून बोलकी गोष्ट खालच्या क्रमांकांवर घडली. रिफॉर्म यूके या पक्षाला १४.३ टक्के मतांवर ५ जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, म्हणजे १२.२ टक्के मतांवर, ७२! रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरलेली होती, लिबरल डेमोक्रॅट्सची ठरावीक मतदारसंघांत एकवटलेली. मात्र फार एकवटणंही नुकसानीचंच, कारण ८० टक्के मतांनी जिंकलं तरी जागा एकच. म्हणूनच पक्षांचा पैसा आणि कार्यकर्ते बालेकिल्ल्यांत कमी आणि काठावरच्या मतदारसंघांत जास्त दिसतात.

प्रश्न: मग प्रमाणशीर पद्धतीत तरी हिशेब सरळ असेल ना? ४६ टक्के मतं म्हणजे ४६ टक्के जागा?

तितका सरळ नाही. माणूस अर्धा निवडून देता येत नाही, त्यामुळे उरलेला अपूर्णांक कुणाच्या पदरात टाकायचा हा प्रश्न उरतोच. एक उदाहरण सोडवून पाहू. जागा ७, मतं एक लाख: अ पक्षाला ४६,०००, ब ला २९,०००, क ला १७,००० आणि ड ला ८,०००.

बेल्जियमच्या व्हिक्टर दोंत यांच्या पद्धतीत प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३, ४ असं क्रमाने भागायचं आणि आलेल्या सगळ्या भागाकारांतले सर्वांत मोठे सात निवडायचे. अ चे भागाकार ४६,०००, २३,०००, १५,३३३, ११,५००. ब चे २९,०००, १४,५००, ९,६६७. क चे १७,०००, ८,५००. ड चा ८,०००. सातवा मोठा आकडा ११,५०० निघतो. म्हणजे अ ला ४ जागा, ब ला २, क ला १ आणि ड रिकाम्या हाताने परत.

आता फ्रेंच गणितज्ञ आंद्रे सेंत-लाग्यू यांची पद्धत घ्या. भाजक फक्त विषम: १, ३, ५, ७. शेवटच्या जागेसाठी अ चा चौथा भागाकार ६,५७१ आणि ड चा पहिला ८,००० समोरासमोर येतात. जागा ड ला जाते. अ ३, ब २, क १, ड १. एकही मत इकडचं तिकडे झालेलं नाही, हे लक्षात घ्या.

यापुढची मेख पहिल्या भाजकात आहे. छोट्या पक्षांची पहिली जागा महाग करण्यासाठी काही देश १ ऐवजी १.४ घेतात. तसं केलं तर ड चा भागाकार ५,७१४ वर येतो आणि ती जागा पुन्हा अ कडे जाते. स्वीडनने २०१८ च्या निवडणुकीपासून हा भाजक १.४ वरून १.२ वर आणला. आपल्या उदाहरणात १.२ ने ड चे ६,६६७ होतात, म्हणजे जेमतेम ९६ च्या फरकाने जागा ड ची. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर पक्ष इतके का भांडतात, ते यातून कळावं.

भाजकापेक्षाही मोठा फरक मतदारसंघातल्या जागांच्या संख्येने पडतो. स्पेनमध्ये दोंत पद्धत आहे, पण सोरिया प्रांतात २ जागा आणि माद्रिदमध्ये ३७ (२०२३). दोनच जागा असल्या की ४५, ३५, २० अशा विभागणीत तिसऱ्या पक्षाला २० टक्के मिळूनही हाती भोपळा. नाव प्रमाणशीर, पण अशा ठिकाणी प्रमाण उरत नाही.

प्रश्न: पक्षाला मिळालेल्या जागांवर नेमकं कोण बसतं?

प्रमाणशीर पद्धतीत पक्ष उमेदवारांची यादी देतो. ती बंद असेल, म्हणजे मतदाराला तिचा क्रम बदलता येत नसेल, तर पक्षाने लावलेल्या क्रमानेच, जसं स्पेनच्या कनिष्ठ सभागृहासाठी. फिनलंडमध्ये मतदार उमेदवाराचा क्रमांक लिहितो आणि यादीतला क्रम त्या मतांवरून ठरतो. बंद यादीत खरी झुंज मतदानाच्या आधीच, पक्ष कार्यालयात होते.

प्रश्न: काही देशांत जागा मिळण्यासाठी पक्षाला किमान पाच टक्के मतांची अट असते, ती कशासाठी?

संसदेत डझनभर चिमुकले पक्ष येऊन सरकार टिकणं अवघड होऊ नये म्हणून. पण किंमत मोजावी लागते. तुर्कस्तानात २००२ मध्ये अट १० टक्के होती. फक्त दोन पक्षांनी ती ओलांडली आणि ४५ टक्क्यांहून अधिक मतांना प्रतिनिधीच मिळाला नाही. ३४.३ टक्के मतांवर पहिल्या पक्षाने ५५० पैकी ३६३ जागा घेतल्या, म्हणजे प्रमाणशीर पद्धतीतून ब्रिटनसारखाच निकाल! २०२२ मध्ये तिथे ही अट ७ टक्क्यांवर आणली गेली. आमच्या मते तीन ते पाच टक्क्यांच्या पुढे जाणं समर्थनीय नाही.

प्रश्न: छोट्या उमेदवाराला दिलेलं मत वाया जातं का?

ते पद्धतीवर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये अध्यक्षाची निवडणूक दोन फेऱ्यांची असते, दुसऱ्या फेरीत पहिले दोघेच उरतात. २००२ मध्ये पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते, डाव्यांची मतं त्यात फुटली. समाजवादी जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर अडकले, अतिउजवे ल पेन १६.८६ टक्क्यांनी दुसऱ्या फेरीत पोचले आणि तिथे तेव्हाचे अध्यक्ष शिराक यांच्याकडून दणदणीत हरले.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत ही भीती बरीच कमी होते. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी ती १९१८ पासून आहे. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. कुणी निम्मा ओलांडेपर्यंत हेच चालतं. मात्र तिथे सगळ्या चौकोनांत १ पासून क्रमाने आकडे भरावे लागतात. एकच आकडा दोनदा पडला किंवा नुसती बरोबरची खूण केली, तर मत बाद. शेवटचा एकच चौकोन रिकामा राहिला असेल तर मात्र चालतं, कारण तिथला आकडा उघडच असतो.