कृषी सल्ला : कुरणातली उघडी जमीन मोजा

चराऊ कुरणांबद्दल आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. त्यातला एक असा : "पावसानंतर कुरण पूर्वीसारखंच हिरवंगार होतं, तरी जनावरं संध्याकाळी रित्या पोटी परततात. कुरण खालावलंय हे ओळखायचं कसं?"

आधी जनावरांना जंत नाहीत ना, हे पशुवैद्यकाकडून पाहून घ्या. ते माझं काम नव्हे. कुरणापुरतं सांगायचं तर हिरवेपणावर विसंबू नका. बांधावर उभं राहून तिरप्या नजरेनं पाहिलं की गवताचे शेंडे एकमेकांना झाकतात आणि ठोंबांमधली उघडी जमीन दिसतच नाही. शिवाय गाजरगवतही हिरवंच असतं. जनावर आधी चविष्ट बहुवर्षायू (त्याच ठोंबातून वर्षानुवर्षं फुटणारं) गवत शोधून खातं. तोच ठोंब पुन्हा पुन्हा खुडला गेला की त्याची मुळं आखडतात, बुंधा बारीक होतो, शेवटी ठोंब मरतो. त्याच्या जागी एका पावसापुरतं उगवणारं तण येतं, नाहीतर कुसळी गवत. दोन्ही हिरवी दिसतात. कुसळीची कोवळी पालवी जनावरं खातात, पण कुसळं धरली की तिच्याकडे पाठ फिरवतात.

म्हणून कुरणात शिरा आणि सरळ पायाखाली बघत चाला. ठोंब मातीच्या उंचवट्यावर उभा आहे का आणि त्याची मुळं बाजूनं उघडी पडली आहेत का? तसं असेल तर आजूबाजूची माती वाहून गेली आहे. (नुसता उंचवटा पाहून घाबरू नका. वाऱ्यानं आलेली माती झुडपाच्या बुडाशी साठली तरी उंचवटा होतो. मुळं उघडी आहेत की झाकलेली, ते पाहायचं.) काडीकचरा उताराला आडवा, बारीक बंधाऱ्यांसारखा साचलाय का? मग पाणी मुरायच्या ऐवजी वरून पळतंय. ओघळीच्या कडा धारदार, ताज्या तुटलेल्या असतील तर ती अजून वाढते आहे. कडा गोलसर होऊन त्यात गवत उगवलं असेल, तर ती जुनी जखम भरत आलेली आहे.

दुसरा प्रश्न : "टेप लावून मोजा असं सांगतात, पण नेमकं काय मोजायचं?"

५० मीटरचा टेप दोन खुंट्यांमध्ये जमिनीलगत ताणून बांधा. दर ५० सेंटिमीटरला एक, अशा १०० जागा मिळतात. प्रत्येक जागी बारीक, टोकदार सळई वरून उभी सोडा. ती आधी कोणत्या वनस्पतीला लागली, मग खाली कशाला, आणि जमिनीवर टेकली तिथे काय होतं (बुंधा, काडीकचरा, दगड की माती), असं क्रमानं लिहा. वर काहीच लागलं नाही आणि खाली नुसती माती, ती जागा 'उघडी'. अशा २७ जागा निघाल्या तर २७ टक्के जमीन उघडी. हिशेब एवढाच.

चुका मात्र ठरलेल्या होतात. सळई चांगल्या ठोंबाकडे आपोआप झुकते. हात तसाच असतो, माझाही होता. म्हणून नजर टेपच्या आकड्यावर ठेवा, सळई सोडा आणि मगच खाली बघा. चालायचं टेपच्या एका बाजूनं, मोजायचं दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपणच तुडवलेलं गवत आपण मोजत नाही. सळई जाड नको. अमेरिकेच्या वनखात्यात १९५० च्या सुमारास सळईऐवजी पाऊण इंच व्यासाचं कडं वापरायची पद्धत रूढ झाली होती. कड्यात थोडंसं गवत आलं तरी ते 'लागलं' असं धरलं जाई, त्यामुळे आच्छादन, म्हणजे वनस्पतींनी झाकलेल्या जमिनीची टक्केवारी, खऱ्यापेक्षा जास्त भरायचं. जाड सळईनंही तेच होतं, फक्त कमी प्रमाणात.

आता माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचं मोजमाप, जे बहुतेक जण करतच नाहीत. समजा दोन कुरणांत ३०-३० टक्के जमीन उघडी आहे. एकात ती वीतवीतभर तुकड्यांत विखुरली आहे, दुसऱ्यात अडीच-तीन मीटरच्या सलग पट्ट्यांत आहे. टक्केवारी सारखी, अवस्था मुळीच सारखी नाही. पहिल्यात पाण्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, दर वीतभर अंतरावर एक ठोंब आडवा येतो. दुसऱ्यात पाणी आणि वारा दोघेही वेग पकडतात आणि माती उचलतात. तेव्हा त्याच टेपवर वनस्पतींमधली प्रत्येक मोकळी जागा कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सेंटिमीटरमध्ये लिहा. २५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडून द्या. मग २५ ते ५०, ५१ ते १००, १०१ ते २०० आणि २०० च्या वर असे गट पाडा. मीटरपेक्षा मोठ्या जागांची बेरीज १,४०० सेंटिमीटर आली, तर टेपच्या ५,००० पैकी ते २८ टक्के. वर्षागणिक हा आकडा चढत असेल, तर गवत कितीही हिरवं दिसो, चराई कमी करा.

"पाऊसच कमी झाला म्हणून आच्छादन घटलं असेल तर?" असंही एकानं विचारलंय. प्रश्न बरोबर आहे. पानांचं आच्छादन पावसासोबत चढतं-उतरतं. बहुवर्षायू गवताच्या बुंध्यांचं आच्छादन, म्हणजे सळई थेट बुंध्यावर किती वेळा टेकली तो आकडा, एका कोरड्या वर्षानं फारसा हलत नाही. तोच सलग घसरत असेल तर दोष पावसावर ढकलू नका. वहीत पावसाची नोंद ठेवा, नाहीतर पुढे हा वाद मिटणार नाही.

मातीबद्दलचा प्रश्न मला विशेष आवडला : "माती परीक्षणाचा अहवाल चांगला आहे, तरी कुरणात पाणी मुरत नाही. अहवाल चुकलाय का?"

अहवाल चुकलेला नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. प्रयोगशाळेत नमुना कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात आणि मग अन्नद्रव्यं तपासतात. मातीची रचना, म्हणजे कण एकमेकांना धरून बनलेल्या रव्यांची घडण, कुटतानाच मोडते. पाणी मुरणं तर त्या घडणीवरच अवलंबून असतं. ती शेतातच तपासावी लागते, आणि त्यासाठी चहाची गाळणी पुरते.

जमिनीच्या अगदी वरच्या थरातून ६ ते ८ मिलिमीटर रुंदीचे खडे चाकूच्या टोकानं अलगद काढा. काही ठोंबाखालचे, काही मोकळ्या जागेतले. मिळून १८ घेतले तर चित्र पक्कं होतं. खडे कोरडेच हवेत. ओले असतील तर सावलीत वाळवा. एकेक खडा गाळणीत ठेवून स्वच्छ, गोड्या पाण्यात बुडवा. खारं पाणी नको, क्षारांमुळे खडा आहे त्यापेक्षा मजबूत वाटतो. ५ सेकंदांत निम्मा खडा विरघळला तर माती अगदीच कच्ची. ५ मिनिटं टिकला तर गाळणी पाण्यातून पाच वेळा वर काढून पुन्हा बुडवा. त्यानंतरही तीन चतुर्थांशाहून जास्त खडा शिल्लक राहिला तर घडण उत्तम. ठोंबाखालचे खडे टिकतात आणि मोकळ्या जागेतले फुटतात, असं पुष्कळदा दिसतं. मुळं, बुरशीचे धागे आणि कुजलेला पाला हे त्या मातीचं सिमेंट, आणि मोकळ्या जागेत ते नसतं. फुटलेले बारीक कण मातीची भोकं बुजवतात, वाळल्यावर वर पपडी धरते, आणि पुढच्या पावसाचं पाणी त्या पपडीवरून निघून जातं.

सगळीच पपडी वाईट नसते, हेही सांगून ठेवतो. शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा जिवंत थर माती धरून ठेवतो. पपडीचा तुकडा हलकेच उचला. खालून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे लोंबत असतील तर तो जिवंत थर आहे, त्यावरून जनावरं फिरवू नका.

मुरण्याचा वेग आकड्यात हवा असेल तर १५ सेंटिमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा थोडा जमिनीत ठोका आणि आत ४४२ मिलिलिटर पाणी ओता. हे अडीच सेंटिमीटर पावसाएवढं होतं. ते मुरलं की तेवढंच पुन्हा ओता आणि ही दुसरी खेप मुरायला किती वेळ लागला ते लिहा. पहिल्या खेपेला जमिनीचा कोरडेपणाच मोजला जातो.

"किती जनावरं सोडावीत?" याचं नेमकं उत्तर कुरण न पाहता देता येणार नाही, रीत सांगतो. चराईआधी, गवत पूर्ण वाढलेलं असताना एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटीतलं गवत जमिनीलगत कापा, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि तोला. अशा किमान १० चौकटी घ्या. चौकट फेकून टाकू नका, ती नेमकी गवत असेल तिकडेच पडते. दर ठरावीक पावलांवर ठेवा. सरासरी १२० ग्रॅम आली तर हेक्टरी १,२०० किलो सुका चारा. ढोबळ मानानं निम्मा जमिनीवर राहू द्यायचा, पाव हिस्सा तुडवण्यात आणि किडीत जातो, जनावराच्या पोटात जायला उरतो पाव, म्हणजे ३०० किलो. ४०० किलो वजनाचं जनावर वजनाच्या अडीच टक्के धरलं तर रोज १० किलो सुका चारा खातं. म्हणजे एक हेक्टर एका जनावराला ३० दिवस.

हे सगळं वर्षातून एकदा पुरे. तारीख तीच नसली तरी चालेल, गवताची अवस्था तीच हवी. टेपची जागा फाटकाजवळ किंवा पाण्याच्या टाकीजवळ धरू नका, तिथे जमीन तुडवलेलीच असणार. खुंटीवरून दर वर्षी त्याच दिशेचा, त्याच उंचीवरून एक फोटो काढा, चौकटीत क्षितिज येऊ द्या. दूरची टेकडी किंवा झाड जुळवून घेतलं की पुढच्या वर्षीचा फोटो बरोबर त्याच जागेवरून निघतो. सळई आणि टेपसाठी दिवस काढता आला नाही, तर निदान फोटो आणि मोकळ्या जागांची मोजणी एवढं तरी कराच.

शेवटचा प्रश्न एका तरुण शेतकऱ्याचा : "मोबाइलवर उपग्रहाचा हिरवेपणाचा नकाशा मिळतो, मग वाकून मोजायचं कशाला?" नकाशा जरूर बघा. मोठ्या कुरणात टेप कुठे लावायचा ते ठरवायला तो कामाचा आहे. पण फुकट मिळणाऱ्या चित्रांत सेंटिनेल-२ या उपग्रहाचा सर्वांत बारीक चौकोन १० मीटरचा असतो आणि लँडसॅटच्या हिरवेपणाच्या नकाशाचा ३० मीटरचा. त्यात अर्ध्या मीटरची मोकळी जागा दिसत नाही, आणि गाजरगवत भरघोस दिसतं.