बाजाराचा नाताळ पंचवीसला संपतो
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नोव्हेंबर उजाडला की नाताळच्या पाककृतींपेक्षा पैशाच्या प्रश्नांची पत्रं जास्त येऊ लागतात: किती आकारायचं, कुठे फसायला होतं, कधी घ्यायचं. या वेळी त्यांतली पाच निवडली आहेत. केकचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यावर सर्वांत जास्त पत्रं आली होती.

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच घरून प्लम केकच्या ऑर्डरी घ्यायच्या ठरवल्या आहेत. अर्ध्या किलोच्या केकची किंमत कशी ठरवू? मैत्रीण म्हणते, सामानाच्या दुप्पट लावून मोकळी हो. (एक वाचक, वसई)

दुप्पट लावणाऱ्या बायका जानेवारीत हिशेब करतात तेव्हा हातात थकवा तेवढा उरलेला असतो. आधी वजनाचं गणित बघा, कारण पहिला खड्डा तिथेच आहे. भाजताना मिश्रणातलं दहा-बारा टक्के वजन वाफेवाटे जातं. टिनमध्ये ५०० ग्रॅम मिश्रण ओतलंत, तर केक भरेल ४४० ते ४५० ग्रॅम. डब्यावर ‘५०० ग्रॅम’ छापायचं असेल तर ५६० ते ५७० ग्रॅम मिश्रण ओतायला हवं.

एका घाण्याचं प्रमाण असं धरा: भिजण्याआधीचं वजन धरून काळे-पिवळे मनुके, खजूर, चेरी, संत्र्याची साल मिळून ३५० ग्रॅम, काजू-बदामाचे तुकडे ५०, मैदा २००, बदामपूड ५०, लोणी २००, ब्राऊन शुगर १५०, अंडी ४, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड दीड छोटा चमचा, आणि १०० ग्रॅम साखर व १०० मिली गरम पाण्याचं कॅरमेल. मेव्याने शोषलेला रस धरून हे मिश्रण दीड किलोच्या आसपास भरतं. त्यात अर्ध्या किलोचे दोन आणि पाव किलोचा एक केक बसतो. टिन भरून उरलेलं थोडं एका कपात भाजा. घाणा चांगला झाला की नाही ते तोच सांगतो, गिऱ्हाइकाचा केक कापावा लागत नाही.

आता किंमत. खालचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून आहेत, दर तुमच्या बाजारातले घाला. समजा अर्ध्या किलोला सामान ₹२३०, डबा-बटर पेपर-लेबल ₹४०, वीज ₹१५. झाले ₹२८५. दिवसाची तुमची मजुरी ₹१,२०० धरली आणि दिवसाला १५ केक निघाले, तर एका केकवर ₹८०. एकूण ₹३६५. फाटलेले, करपलेले, चाखायला दिलेले यांपोटी पाच टक्के, म्हणजे ₹१८. हा ₹३८३ तुमचा खरा खर्च. त्यावर २५ टक्के नफा लावला की ₹४८० होतात. आता हाच केक एखाद्या दुकानात ठेवलात आणि दुकानदाराने विक्रीच्या किमतीवर २० टक्के घेतले, तर तुमच्या हाती येतील ₹३८४. म्हणजे एक रुपया नफा! दुकानातून विकायचं असेल तर दुकानाची किंमत आधीपासूनच वेगळी ठेवा. घरपोच पोचवण्याचे पैसे केकच्या किमतीत दडवू नका, वेगळे सांगा.

दिवसाला पंधरा कुठून आले? ऑर्डरींची मर्यादा तुमच्या उत्साहावर ठरत नसते, ती ओव्हन ठरवतो. चाळीस लिटरच्या ओटीजीमध्ये (घरगुती ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमध्ये) सहा इंची तीन टिन दोन-दोन बोटांची फट ठेवून बसतात. चौथा कोंबला तर हवा फिरत नाही आणि मधला केक कच्चा राहतो. १५० अंश सेल्सिअसला ६० ते ७० मिनिटं, वर काढा-घालायला पंधरा. दिवसाला पाच घाणे. १५ ते २२ डिसेंबर या आठ दिवसांत १२० केक होतील. वीज जाणं आणि ताप येणं धरून १०० वर ‘ऑर्डरी बंद’ म्हणा. आगाऊ निम्मे पैसे घेतल्याशिवाय नाव लिहू नका, डिसेंबरात तोंडी ऑर्डरी फार विरघळतात.

बिघडतं ते असं. मेवा तळाला बसला, तर तो ओला राहिला होता किंवा मिश्रण पातळ होतं. भिजलेला मेवा चाळणीवर अर्धा तास निथळा आणि मोजून ठेवलेल्या मैद्यातलाच एक चमचा मैदा त्याला चोळा. काजू-बदाम भिजवू नका. केक वर फुगून फाटला, तर ओव्हन जास्त तापला होता. ओटीजीची कळ आणि आतली खरी उष्णता यांत वीस अंशांचाही फरक असू शकतो, आत टांगायचा साधा तापमापक घ्या. कडू झाला, तर कॅरमेल काळं होईपर्यंत ठेवलं होतं. गडद तांबूस झालं की गॅस बंद करून कडेकडेने गरम पाणी ओता, गार पाणी घातलंत तर उसळून हात भाजतो. चौथ्या दिवशी बुरशी आली, तर केक कोमट असतानाच बांधला होता, आतली वाफ वेष्टनाला लागून पाणी झालं. रात्रभर जाळीवर गार करा आणि सकाळी बांधा.

‘सहा महिने भिजवलेला मेवा’ हा जाहिरातीचा मामला आहे. तीन-चार आठवड्यांनंतर चवीत फारसा फरक पडत नाही. संत्र्याच्या रसात मेवा पाच मिनिटं उकळून रात्रभर ठेवला तरी छान मुरतो, मात्र असा केक बाहेर तीन-चार दिवस आणि फ्रीजमध्ये आठ-दहा दिवसच सांगून विका. रम घालणार असाल तर ते घटकांत स्पष्ट लिहा, लहान मुलं असतात, धर्माने वर्ज्य मानणारे असतात. आणि गोव्याहून येताना परवान्याशिवाय बाटल्या आणू नका, महाराष्ट्रात तो गुन्हा आहे.

विक्रीआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या, छोट्या घरगुती धंद्याचा अर्ज ऑनलाइन होतो. लेबलवर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापरण्याची शेवटची तारीख, नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक. अंडं आहे म्हणजे चौकटीत तपकिरी त्रिकोण येणार, हिरवा ठिपका नाही. हे बरेच जण चुकवतात.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीत चाळीस माणसं आहेत. नाताळ-नववर्षाचं हॅम्पर द्यायचं आहे, पण दर बघून आत नक्की काय मिळतं हेच कळत नाही. (एक वाचक, पुणे)

नमुन्याचं एक हॅम्पर विकत घ्या आणि टेबलावर पूर्ण उकला. प्रत्येक वस्तूची छापील किंमत, निव्वळ वजन आणि शेवटची तारीख एका कागदावर मांडा. बेरजेच्या वर जे उरेल ते टोपली, रिबीन, सेलोफेन आणि खालच्या कागदी चुऱ्याचे पैसे. चुऱ्याचा थर चार बोटांहून जाड असेल तर डबा भरलेला दिसावा म्हणूनच तो आहे. तारीख २० जानेवारीच्या आतली असेल तर जुना साठा खपवला जातोय असं समजा; ताजा केक आणि कुसवार, म्हणजे नाताळचा घरगुती फराळ, याला अपवाद.

कुसवारचं हॅम्पर असेल तर आणखी एक तपासणी. कुलकुल, नेवऱ्या कोरड्या आणि तळलेल्या. दोदोल आणि बेबिंका ओलसर, नारळाच्या रसातल्या. दोन्ही एकाच डब्यात कोंबले की दोन दिवसांत कुलकुल मऊ पडतात आणि सगळ्याला खवट वास लागतो. ओलं आणि कोरडं वेगवेगळ्या बंद डब्यांत आहे का ते विचारा. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे ‘गोवन’ म्हणून पुण्यातच भाजलेली वडी त्या भावाने घेताना पत्ता वाचावा.

जोएल वाल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर एक शोधनिबंध लिहिला. भेट मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की आपुलकीचा भाग सोडला तर या वस्तूची तुमच्या लेखी किंमत किती? उत्तरांवरून मूळ किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो असं निघालं. आपुलकी वजा केल्यावर भेटीत काय उरतं, हा वाद वेगळा; पण कंपनीच्या हॅम्परमध्ये आपुलकी मुळातच बेताची असते. म्हणून आमचं मत सरळ आहे: एक चांगला केक द्या, उरलेल्या पैशांचं कूपन द्या. वाटप १८-१९ तारखेला उरका. २३ नंतर वसई-गोव्याची माणसं गावी गेलेली असतात आणि त्यांचे केक कार्यालयाच्या कपाटात वाळत बसतात.

प्रश्न : सांताक्लॉजचे लाल कपडे ही कोका-कोलाची देणगी, असं शाळेत मुलांना सांगितलं जातं. खरं आहे का? (एक शिक्षिका, नगर)

नाही. टॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकात गोलमटोल सांता रंगवायला सुरुवात केली होती आणि कंपनीच्या जाहिरातींआधीही लाल झग्यातला सांता होताच. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉम यांनी १९३१ पासून चित्रं काढली, कारण थंडीत थंड पेय खपत नव्हतं. त्यांनी तो चेहरा जगभर पक्का केला, एवढं श्रेय खरं. व्यापाराच्या पोटी जन्मलेलंच काही सांगायचं असेल तर लाल नाकाचं हरीण रुडॉल्फ सांगा: शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने १९३९ मध्ये मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी ते लिहून घेतलं. त्याच वर्षी खरेदीचे दिवस वाढावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्याच्यानंतर तिथे नाताळची खरेदी सुरू होते तो नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण एक आठवडा अलीकडे ओढला आणि निम्म्या देशाचा रोष ओढवून घेतला. मोठ्या मुलांना ही गोष्ट जास्त आवडेल.

प्रश्न : कृत्रिम झाड, दिवे आणि कागदी तारे कधी घेतले तर स्वस्त पडतात? (एक वाचक, ठाणे)

२७ डिसेंबरला. आणि त्याच वर्षी वापरता येतात, हे लोक विसरतात. चर्चच्या दिनदर्शिकेत २५ तारखेच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तयारीचा आणि संयमाचा. वेदीवर जांभळं वस्त्र असतं. नाताळचा काळ सुरू होतो तो चोवीसच्या रात्रीच्या मिस्सापासून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीपासून. ६ जानेवारीला गोव्यात रेइस मागोस, चांदोर, कासावली इथे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण होतो, तोवर घरातलं झाड उतरवायचं कारण नाही. बाजार मात्र नेमका उलटा चालतो: संयमाच्या दिवसांत गाणी लावून विकतो आणि सण सुरू झाला की माल निम्म्या भावात काढून टाकतो. त्याच्या घाईशी आपलं घर जोडून घ्यायची गरज नाही.

झाड घेताना छापील उंचीवर जाऊ नका, ती स्टँडच्या तळापासून शेंड्याच्या टोकापर्यंत मोजलेली असते. दुकानात फांद्या उघडून बघा. मधला दांडा दिसत असेल तर झाड विरळ आहे. तळहाताने एकदा खसकन ओढा. सुया हातात आल्या तर पुढच्या वर्षी काठीच उरेल. कुंडीतलं ख्रिसमस ट्री, म्हणजे अरॉकेरिया, घेणार असाल तर एसीच्या झोतात ठेवू नका, वर रंग किंवा नकली बर्फ फवारू नका आणि शेंडा जपा. तो मोडला की झाड पुन्हा सरळ वाढत नाही.

पतंगी कागदाच्या ताऱ्यात पाच वॉटपर्यंतचा एलईडीच लावा. जुना चाळीस वॉटचा बल्ब घातला की कागद आधी पिवळा पडतो, मग पेटतो. दिव्यांची माळ दुकानातच दहा मिनिटं पेटती ठेवायला सांगा. अडॅप्टर हाताला चटका देण्याइतका तापला तर ती परत करा.

प्रश्न : नाताळात येशूजन्माचा देखावा म्हणून मांडतात त्या गोठ्यासाठी लागणाऱ्या हिरव्या गवताचे ट्रे विकायचा विचार आहे. गहू की नाचणी? कधी पेरू? (एक वाचक, सावंतवाडी)

गहू पटकन येतो, नाचणी बारीक आणि दिसायला खऱ्या कुरणासारखी. पहिल्या वर्षी गहूच करा. ३० बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेला सव्वाशे-दीडशे ग्रॅम गहू लागतो. आठ-दहा तास भिजवा, रात्रभर ओल्या फडक्यात बांधा, मग दोन बोटं माती किंवा कोकोपीटवर दाणे एकाला एक लागतील असे पसरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. पहिले दोन दिवस ओलं गोणपाट झाकून ठेवा, नंतर सकाळचं ऊन. १३-१४ डिसेंबरला पेरलं तर २४ पर्यंत दहा-बारा सेंटिमीटर होतं. नाचणी दोन-तीन दिवस आधी पेरा.

चोवीसच्या गोठ्यासाठी आठ तारखेलाच पेरणारे हमखास पस्तावतात. गवत उंच होऊन आडवं पडतं आणि गोठ्यातली मेंढरं त्यात बुडतात. सावलीत ठेवलं तर पिवळं आणि लांबट येतं. बुडाशी पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झालंय: ट्रेला भोकं पाडा, दिवसातून दोनदा नुसता फवारा मारा. दोन तुकड्यांत पेरा, म्हणजे २० तारखेला गोठा मांडणाऱ्यांनाही देता येईल. नेणाऱ्याला उरलेले दिवस पाणी कसं घालायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या, कारण गोठा तीन राजांपर्यंत मांडलेला असतो आणि वर्षअखेरीला गवत वाळू लागलं की फोन तुम्हालाच येईल. जे ट्रे चोवीसच्या दुपारपर्यंत गेले नाहीत ते गोठ्यासाठी कुणी घेणार नाही, तेव्हा शंभर करण्यापेक्षा आधी नावं घेऊन तीस करा.