आधी रात्र वाटून घे

अगं, लेकराच्या आजारपणाचं हे तुझं पहिलंच वर्ष, माझं चौदावं. म्हणून हक्काने सांगते.

आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपण असतं ना, तसे. पेशी विभागत जाते तसे ते झिजतात. एलिसा एपेल, एलिझाबेथ ब्लॅकबर्न या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८ आयांचं रक्त तपासलं. ३९ जणींची मुलं दीर्घ आजारी होती. ज्यांना ताण सर्वांत जास्त जाणवत होता, त्यांचे टेलोमिअर जास्त झिजलेले होते, म्हणजे त्यांच्या पेशी कमी ताण असलेल्यांपेक्षा निदान दहा वर्षांनी थकलेल्या दिसल्या. घाबरू नकोस, ही गटांची तुलना आहे, तुझं भविष्य नाही.

मी तीन वर्षं रात्रीतून चारदा उठायचे, सकाळी ओट्यापाशी उभ्यानेच चहा-पोळी गिळायचे. नवऱ्याला उठवायला जीव होत नसे. शेवटी रात्रच वाटून घेतली: दोनपर्यंत तो, पुढे मी. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. चालणं वगैरे नंतर.

टेलोमिअर मोजून देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालू नकोस. त्या पैशांत आठवड्यातून दोन दुपारी मदतीला मावशी ठेव. आणि सासूबाई 'काही करू का?' विचारतात, तेव्हा हो म्हण.