शारला नुसती खलनायिका समजू नकोस

२०२३ सालचा 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतोयस ना? मग शार या देवीला लगेच वाईट ठरवून मोकळा होऊ नकोस. ती अंधाराची आणि गमावण्याची देवी, चंद्रदेवी सेलूनेची जुळी बहीण. दुःख विसरायला लावणं हेच तिचं आमिष. जवळचं माणूस गमावलेल्याला ते वरदान वाटतं, आणि सगळ्या कथेची ताकद मला तिथेच दिसते. तुझ्यासोबत फिरणारी शारची भक्त शॅडोहार्ट म्हणते, आठवणी मी स्वखुशीने दिल्या. पण तिच्या हातावरची जखम मधूनच ठणकते. ते संवाद घाईने पुढे ढकलू नकोस, कॅम्पवर तिच्याशी बोलत राहा.

दुसऱ्या ॲक्टमध्ये (गेमच्या दुसऱ्या भागात) नाइटसाँगकडे, म्हणजे शॅडोहार्टच्या हातून जिला मारावं अशी शारची इच्छा असते त्या कैदेतल्या स्त्रीकडे, जाताना तिला सोबत ने. मागे ठेवलंस तर तिची गोष्ट तिथेच तुटते. पहिल्या वेळी नाइटसाँगला मारू नकोस म्हणून मी तिला समजावत बसलो होतो. दुसऱ्या वेळी विश्वास आधीच कमावला होता, म्हणून गप्प राहिलो. तिने स्वतःहून भाला फेकून दिला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याआधी सेव्ह जरूर कर, पण पहिल्या खेळात जे होईल ते तसंच राहू दे.